गराचा चटका

जळगावशेजारच्या असोद्यात थंडी पडली की लोक आधी कानटोप्या शोधतात आणि मग पुष्पाबाईला. कार्तिक सरता सरता तिच्या दारात बोलावणी सुरू होतात. कोणाच्या मळ्यात जावयाचा पाहुणचार, कोणाकडे पुण्याहून आलेली मुलं, कोणाला नुसतीच हौस. सगळ्यांना भरीत हवं असतं आणि वांगी सोलायला पुष्पाबाई हवी असते. आता भरीत काय, कुणीही करतं, असं बाहेरगावचा माणूस म्हणेल. म्हणू द्यावं. त्याने गॅसवर एक जांभळं वांगं भाजून चमच्याने खरवडलेलं असतं, त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. इथे उघड्या रानात पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचा, जाळ करतात. त्यात हिरवी-पांढरी पोसलेली वांगी पोत्याने टाकतात. ती काळी ठिक्कर पडली की बाहेर ओढायची आणि निवू न देता हाताने सोलायची. निवली की साल गराला धरून बसते आणि भरताला राखेची कडवट चव येते. चिमटा नाही, चमचा नाही, आणि पाण्यात बोटं बुडवणं तर नाहीच, पाणी लागलं की चव गेली. नुसती दहा बोटं.

पुष्पाबाईच्या त्या दहा बोटांचं नाव पार भादलीपर्यंत होतं. वय चौसष्ट, अंगाने किरकोळ, पण जाळाजवळ बसली की अशी बसायची की कोणी तिच्या डाव्या-उजव्याला फिरकायचं नाही. वाफाळलेलं वांगं तळहातावर घ्यायची, देठापाशी अंगठा घालायची आणि एका ओढीत साल उतरवायची. बघणाऱ्यांचीच बोटं आखडायची. कोणी विचारलं, "अक्का, भाजत नाही का हो?" की ती मान वरही न करता म्हणायची, "माले काही व्हत नही." मग लोक एकमेकांकडे बघून माना डोलवायचे. "हात पिकला बाईचा," म्हणायचे. सोलणारीला असोद्यात याहून मोठी पदवी नाही. ही पदवी पुष्पाबाईने तीन हिवाळे मिरवली, आणि ती तिला केवढ्याला पडली, त्याचीच ही गोष्ट.

पुष्पाबाई मूळची असोद्याची नाहीच. ती धुळ्याकडची. अठराव्या वर्षी अभिमनची बायको होऊन आली तेव्हा तिची अहिराणी ऐकून इथल्या बायका पदराआड हसायच्या. "आहे"ला "शे" म्हटलं की हसू, "सगळा"ला "बठ्ठा" म्हटलं की हसू. त्यांची बोली वेगळी, जरा वऱ्हाडाकडे झुकलेली. पुढे पंचेचाळीस वर्षांत तिच्या बोलण्याची चांगलीच खिचडी झाली, पण जिवावर आलं किंवा जीव आनंदला की तोंडून माहेरचंच निघायचं.

पहिल्या हिवाळ्यात सासूने, सुंदरबाईने, तिला मळ्यात नेलं. सुंदरबाई म्हणजे गावातली त्या वेळची सोलणारी. उंच, सावळी, कपाळावर आठ आण्याएवढं कुंकू. तिने नव्या सुनेच्या हातावर एक वांगं ठेवलं आणि म्हणाली, सोल. पुष्पाने अंगठा घातला आणि वांगं टाकूनच दिलं. बोटं तोंडात घातली, डोळे भरले. भोवतीच्या बायका हसल्या. सुंदरबाई हसली नाही. तिने सुनेची बोटं आपल्या हातात घेतली, त्यांवर फुंकर घातली आणि विचारलं, "कुठी लागला?"

"बठ्ठा हातले लागना," पुष्पा रडत म्हणाली.

"सगळ्या हाताले नही लागत व माय. नीट पाह्य," सुंदरबाई म्हणाली. "चटके दोन राहतात. एक सालीचा. तो वरच्यावर लागतो, फुंकर मारली का जातो. दुसरा गराचा. तो हळू येतो, हाडापर्यंत जातो आन् तिथीच बसतो. सालीचाच लागला तं वांगं आतून कच्चं आहे, घाल परत जाळात. गराचा लागला का झालं. डोयाले सारी वांगी काळीच दिसतात. हाताले समजते."

एवढीच शिकवण. त्या दुपारी पुष्पाने सतरा वांगी सोलली आणि तिची आठ बोटं फोडांनी भरली. घरी आल्यावर सुंदरबाईने त्यांवर लोणी चोळलं आणि तिला आपल्या हाताने जेवू घातलं. केळीच्या पानावर भरीत, वर कच्च्या तेलाची धार, कांद्याची पात, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी. माहेर सोडून आल्यावर पहिल्यांदा पोट भरून जेवली ती त्या दिवशी. अजूनही कुठे पऱ्हाटीचा धूर नाकात गेला की पुष्पाबाईला पहिल्यांदा आठवतो तो सासूच्या हाताचा घास. मळा, बैल, हसणाऱ्या बायका हे सगळं त्याच्या मागून येतं.

पुढची पंचवीस वर्षं दोघी जोडीने बसल्या. काय दिवस होते. जाळाच्या उबेत पाठ शेकायची, मुळ्याच्या फोडी तोंडात टाकायच्या, आणि "साल" किंवा "गर" एवढ्या दोन शब्दांवर कामं चालायची. सासू विचारायची, सून सांगायची. मग हळूहळू सासूने विचारणं सोडलं. सुनेचा हात तयार झाला होता.

सुंदरबाईच्या शेवटच्या हिवाळ्यातली एक गोष्ट पुष्पाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायची. मळ्यात वांगी सोलता सोलता सुंदरबाई मध्येच थांबली. हातातल्या वांग्याकडे बघत हळूच म्हणाली, "पुष्पा, मले आता चटका लागतच नही व." पुष्पाने ते मोठ्यांदा सगळ्यांना सांगितलं. "ऐका वं, आत्याबाईंले चटकाच लागत नही. हात पिकना त्यास्ना." बायकांनी टाळ्या वाजवल्या. एकीने तर उठून सुंदरबाईच्या हाताला हात लावून पाया पडल्यासारखं केलं. सुंदरबाईने हातातलं वांगं सोललं. परातीत टाकलं आणि दुसरं उचललं.

त्या वर्षी तिला सुनेचा भारीच लळा लागला होता. पुष्पा जवळून गेली की तिचा हात धरायची आणि आपल्या गालाला लावून बसायची. तव्यावरची भाकरीसुद्धा एकदा गालाला लावलेली पुष्पाने पाहिली आणि म्हातारपण म्हणून हसली. संक्रांतीच्या सुमाराला तिच्या पायाला काय लागलं ते कोणालाच कळलं नाही. तिलाही नाही. टाच काळी पडली, मग पाऊल, आणि होळीआधी सुंदरबाई गेली. बाई सुखाने गेली, एकदाही हाय म्हणाली नाही, असं गाव म्हणालं. पुष्पाबाईनेही तेच धरून ठेवलं होतं.

मुलगा भूषण जळगावात नोकरीला लागला आणि पिंप्राळ्याला बिऱ्हाड करून राहिला. त्याच्यासाठी मुलगी बघायची वेळ आली तेव्हा पुष्पाबाईने हट्ट धरला, सून धुळ्याचीच पाहिजे. घरात आपली बोली बोलणारं कोणी तरी हवं, एवढाच तिचा हिशोब. सून आली, मेघा, अस्सल धुळ्याची. पण वाढली देवपूरच्या कॉलनीत, शिकली कॉलेजात. तिला "शे" म्हणता यायचं ते फक्त गाण्यात. पुष्पाबाईने कपाळाला हात लावला.

मेघा गुणाची होती, पण हात मऊ. दर हिवाळ्यात रविवारी भूषणच्या स्कूटरवर मागे बसून यायची, जाळाजवळ बसायची आणि पहिल्या वांग्यालाच "हाय" म्हणायची. सात-आठ वर्षं झाली तरी "हाय" काही सुटेना. पुष्पाबाई चारचौघांत सुनावायची, "तुना हात कच्चा शे, मेघा. हाय करनारीना हातनं भरीत कोण खाई?" मेघा खाली मान घालून पुढचं वांगं घ्यायची. एकदा ती म्हणाली, "आई, मला नीट शिकवा ना." पुष्पाबाई म्हणाली, यात शिकवायचं काय, लागणं बंद झालं की हात आला.

कारण तिचं स्वतःचं लागणं तोवर बंद झालं होतं.

केव्हा, ते तिला नेमकं सांगता आलं नसतं. एका हिवाळ्यात चटके बोथट झाले, पुढच्या हिवाळ्यात नाहीसे. पायांचं त्याआधीच सुरू झालं होतं. चालता चालता चप्पल पायातून निसटायची आणि दहा पावलं पुढे गेल्यावर कोणी तरी हाक मारायचं, "अक्का, चप्पल राहिली मागे." गावातल्या शिबिरात पाच वर्षांपूर्वी रक्तात साखर निघाली होती. गोळ्या दिल्या होत्या. पुष्पाबाईने त्या महिना-दोन महिने घेतल्या, मग डब्यात राहिल्या. काही दुखत नाही, खुपत नाही, तर औषध कशाचं? दुखणं असलं तर औषध, हा साधा हिशोब. अभिमन म्हणायचा, घेत जा. तो कमी बोलणारा माणूस, एकदा म्हणायचा आणि गप्प बसायचा.

आणि खरं सांगायचं तर पुष्पाबाईला आनंदच झाला होता. ज्या पायरीवर सासू शेवटी पोचली तिथे आपण पोचलो. मळ्यातून परत येताना ती आपली बोटं उन्हात धरून बघायची. काळसर, चकचकीत, एक फोड नाही. आत्याबाईंच्या हातांसारखीच दिसतात, असं तिला वाटायचं.

यंदा मार्गशीर्षात लीलाधर मास्तर निवृत्त झाले. त्यांनी मळ्यात सत्तर माणसांचं भरीत ठेवलं. गावची शाळा, जळगावचे अधिकारी, यावलचे व्याही, सगळे येणार. पुष्पाबाई सकाळी दहालाच जाऊन बसली. पायात काही नाही, कारण जाळ आणि अन्न यांच्या मध्ये चप्पल घालायची नाही ही रीत. वांगी चांगली होती, पण पऱ्हाटी जरा ओली होती आणि जाळ धुरकट. साली काळ्या पडायच्या, आत कसं ते सांगता येत नव्हतं. पुष्पाबाईला मात्र काही अडचण नव्हती. ती आपली सपासप सोलत होती. शेजारी मेघा.

"आई, हे झालं नसेल," मेघा एका वांग्याला म्हणाली. "वरवर भाजतंय नुसतं."

"झायं," पुष्पाबाई म्हणाली. "तुले काय समजस? टाक परातमा."

मेघाने टाकलं. अशी किती टाकली कोण जाणे. अभिमन आणि दोन गडी बडगीत, म्हणजे लाकडाच्या खोलगट परातीत, वांगी ठेचत होते. अभिमनला गाठी लागत होत्या. त्याने बायकोकडे एकदा पाहिलं आणि मुसळ आणखी जोरात हाणायला सुरुवात केली.

जेवणं झाली. मास्तरांचं भाषण झालं, हार झाले, पुष्पाबाईच्या हाताचं कौतुकही झालं. साहेब मंडळी गाड्यांत बसून गेली. मग पुष्पाबाई पानं उचलायला गेली. पहिल्या पानाच्या कडेला तिला पांढरट हिरवे तुकडे दिसले, बोराएवढे. दुसऱ्या पानाच्या कडेलाही. तिसऱ्या पानावर तर कोणी ते नीट ओळीने लावून ठेवले होते. ती चालत राहिली आणि बघत राहिली. सत्तर पानं. जवळजवळ प्रत्येकाने कच्चं वांगं बाजूला काढून ठेवलं होतं आणि एकानेही तोंडाने अवाक्षर काढलं नव्हतं. तिने एक तुकडा उचलून दाताखाली धरला. करकरला.

ती तशीच विझत आलेल्या जाळाजवळ येऊन उभी राहिली. कानात गरम झालं होतं. पंचेचाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. अभिमन बडगी धुवायला निघाला होता, त्याला तिने विचारलं, "तुमले गाठी लाग्यात ना? सांगानं नही का?"

"तू म्हनाली झालं," अभिमन म्हणाला. "मी म्हटलं, झालं असेल."

तेवढ्यात मेघा नाक वर करून इकडेतिकडे बघायला लागली. "आई, कसला तरी वास येतोय. काही तरी जळतंय."

"सालं जळी राहिनी व्हतीन," पुष्पाबाई म्हणाली. तिचं लक्ष पानांत होतं.

मेघा खाली बघत होती. मग ती ओरडलीच आणि सासूला दोन्ही हातांनी मागे ओढलं. पुष्पाबाईच्या उजव्या पावलाखाली पऱ्हाटीच्या खोडाचा निखारा होता, अंगठ्याएवढा, अजून लाल. ती त्याच्यावर उभी होती. किती वेळ, कोणास ठाऊक. करंगळीखालचं कातडं जळून आत गेलं होतं आणि पुष्पाबाई त्याकडे असं बघत होती जसं कोणी दुसऱ्याच्या पायाकडे बघतं.

जळगावच्या दवाखान्यात डॉक्टर होती अर्शी. तिशीतली, बोलायला मोकळी. असोदा म्हटल्यावर म्हणाली, आमचे अब्बा दर हिवाळ्यात तिकडून भरीत आणतात. पुष्पाबाईने मान खाली घातली. डॉक्टरने जखम पाहिली, साफ केली. साफ करताना मेघाने तोंड फिरवलं, भूषण बाहेरच गेला, आणि पुष्पाबाई छताच्या पंख्याकडे बघत राहिली.

"दुखतंय?"

"नही, काहीच नही," पुष्पाबाई म्हणाली. सवयीने तिच्या आवाजात थोडा तोरा आला.

डॉक्टरने मान हलवली नाही, वा म्हणाली नाही. तिने एक बारीक दोरा लावलेली काडी काढली. "आजी, डोळे मिटा. पायाला कुठेही लागलं की हो म्हणायचं. सोपं आहे."

पुष्पाबाईने डोळे मिटले. काहीच होईना. खोली शांत. आपण परीक्षेला बसलो आहोत आणि कोणी तरी बघतंय एवढं तिला कळत होतं. थोडं थांबून ती अंदाजाने म्हणाली, "हो." मग पुन्हा थोड्या वेळाने, "हो." तिने मनातल्या मनात आकडे मोजले आणि दर पाचाला हो म्हणत गेली. मास्तरांच्या मळ्यात जे केलं तेच ती इथे करत होती, आणि ते तिचं तिलाच उमगलं.

"आजी, डोळे उघडा," डॉक्टर हलकेच म्हणाली. "मागच्या चार वेळेला मी हातच लावला नव्हता."

मग हात तपासले. बोटांच्या टोकांनाही तेच. साखरेने नसा मेल्या होत्या, आधी पायांच्या, मग हातांच्या. डॉक्टरने साध्या शब्दांत सांगितलं. जखम खोल आहे, करंगळी वाचणार नाही. पाऊल वाचवायचं असेल तर दोन महिने जमिनीला टेकवायचं नाही, गोळ्या एक दिवस चुकवायच्या नाहीत, आणि रोज कोणी तरी डोळ्यांनी पाय बघायचा. "तुमचा पाय आता तुम्हाला काही सांगणार नाही," ती म्हणाली. "दुखलं असतं तर तुम्ही पहिल्याच क्षणी पाय उचलला असता. दुखणं चांगलंच असतं हो. ते गेलं की भीती. लोकांना उलटं वाटतं. काही दुखत नाही म्हणून येत नाहीत, आणि येतात तेव्हा पाऊल काळं पडलेलं असतं."

पाऊल काळं. पुष्पाबाईने भिंतीला हात टेकला.

करंगळी गेली. पावलाचं अजून ठरायचं होतं. डॉक्टर दर आठवड्याला बघायची आणि "बघू" म्हणायची. पुष्पाबाईला पिंप्राळ्याला आणलं. खिडकीजवळ पलंग, पायाखाली दोन उश्या. खाली रिक्षा, स्कूटरी, शाळेची मुलं. मेघा सकाळ-संध्याकाळ पाय धरून निरखायची, बोटांच्या बेचक्यांत बॅटरी मारून बघायची. एवढा कच्चा हात म्हणून जिला हिणवलं ती आपल्या पायाशी बसते, याचं पुष्पाबाईला वाईट वाटायचंच. पण तिला आतून जे कुरतडत होतं ते वेगळंच होतं.

आठ दिवस ती धड जेवली नाही. भूषणला वाटलं पायाची धास्ती घेतली. अभिमनला वाटलं, मळ्यातली पानं. मेघाने एका दुपारी सरळच विचारलं.

"आई, कसला विचार करताय?"

पुष्पाबाई म्हणाली, "आत्याबाई माले सांगत व्हत्यात, मेघा."

"काय सांगत होत्या?"

"चटका लागत नही म्हनीसन." तिचा आवाज फुटला. "हळूच म्हन्यात. माले एकलीलेच म्हन्यात. त्या भ्यायल्या व्हत्यात. मीच बोंबली बोंबली बठ्ठासले सांगं. टाळ्या वाजाड्यात आम्ही. त्या मंग काय म्हनतीन? जी बाईनी माले सांगं व्हतं, हातले समजस, ती बाईना हातले समजनं बंद व्हयनं, आन आम्ही पाया पडनूत."

बोलता बोलता ती रडायला लागली. वीस वर्षांपूर्वी सासूच्या मयताला रडली नव्हती एवढी रडली. सुखाने गेली म्हणून सगळ्यांनी समजूत घातली होती आणि तिने घालून घेतली होती. आता छातीत जे दुखत होतं ते फुंकर मारून जाण्यातलं नव्हतं. मेघाने तिला थांबवलं नाही. पाठीवर हात ठेवून बसून राहिली.

थोड्या वेळाने पुष्पाबाईने डोळे पुसले आणि म्हणाली, "तुले नीट शिकाडं नही मी. शिकाडानं शे."

माघ सरत आला, वांगी संपत आली. डॉक्टरने पावलाला "ठीक आहे" म्हटलं, पहिल्यांदाच. टेकवायला अजून पंधरा दिवस. त्या रविवारी भूषणने स्कूटरला पऱ्हाटीचा भारा बांधून असोद्याहून आणला. सारं पिंप्राळं वळून बघत होतं, आणि वाटेत दोनदा लोकांनी विचारलं, घर शाकारताय का साहेब? अभिमन रिक्षातून बडगी घेऊन आला, मांडीवर, नव्या नवरीला आणावं तशी जपून. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर जाळ केला. पुष्पाबाईला खुर्चीत बसवलं, पाय स्टुलावर, जाळापासून चांगला लांब. बांधलेल्या पायाला दोन मोजे घातले होते.

मेघासमोर आठ वांगी. तिने पहिलं उचललं, अंगठा घातला आणि "हाय" म्हणाली. म्हणाली आणि लगेच ओठ दाबून सासूकडे बघितलं.

"दाबू नको," पुष्पाबाई खुर्चीतून पुढे वाकली. "म्हन. कोठे लागना?"

"बोटाला."

"बोटले कोठे? फुंक मार. ग्या का?"

मेघाने फुंकर मारली. बोट बघितलं. "गेला."

"सालना व्हता. आत कच्चं शे. घाल परत."

मेघाने घातलं. दुसरं वांगं. पुन्हा सालीचा. तिसऱ्याला ती थांबली. बोट वर धरून, भुवया आवळून, कुठून तरी आवाज येतोय तो ऐकावा तशी. "आई, हा हळू आला. फुंकून जात नाहीये. आत बसलाय."

"हाडमा?"

"हो. हाडातच."

"तोच," पुष्पाबाई म्हणाली. "तो गरना. व्हयनं वांगं. सोल."

आठ वांगी झाली. अभिमनने बडगीत ठेचली आणि म्हणाला, नुसतं लोणी आहे. एवढं बोलला म्हणजे खूपच झालं. भूषण पानं मांडायला घरात गेला. मेघा हात झटकत सासूपाशी आली. पहिली तीन बोटं लालबुंद, एका टोकाला पाण्याचा फोड धरू लागलेला.

पुष्पाबाईने ती बोटं आपल्या हातात घेतली. घट्ट धरली. ऊन आहेत की थंड, तिला काहीच कळेना. ती दाबून बघत राहिली, कुठे तरी काही तरी लागेल म्हणून. मग तिने सुनेचा हात उचलला आणि आपल्या गालाला लावला.

गालाला चटका बसला. ती हात सोडेना. मेघाला वाटलं, सासूबाईंना लळा लागला.

"आत्याबाई असाच धरेत मना हात," पुष्पाबाई म्हणाली. "माले वाटे, लळा शे."

मेघाने हात काढून घेतला नाही. दुसऱ्या हाताने सासूच्या पायावरचा मोजा सारखा केला आणि तशीच उभी राहिली, भूषणने जेवायला हाक मारीपर्यंत.